चकचकीतच हवा

"मॅट की ग्लॉसी?" दुकानदाराने विचारलं, आणि मास्तरांची बायको म्हणाली, "हो."

दुकानदाराला सर्दी झाली होती. तोंडावरचा मास्क सारखा करत त्याने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर ओशाळले. दोन लॅपटॉप समोर उघडे ठेवलेत, एक सांगायचाय, आणि ही आपली 'हो' म्हणतेय! हिचं लक्ष तरी कुठे असतं हल्ली?

"अगं, हा की तो?" त्यांनी हाताने दाखवलं.

तिने चकचकीत पडद्यावर बोट ठेवलं.

दुकानदार भला माणूस होता. दिवसभर काम करायचं असेल तर मॅट बरा, डोळ्यांवर ताण येत नाही, खिडकीतला उजेड पडद्यावर मारत नाही, असं त्याने पुन्हा पुन्हा समजावलं. ग्लॉसीत रंग खुलतात, पण ताई, दिवसभर आपलंच तोंड बघत बसावं लागतं. तिने शहाण्यासारखी मान हलवली आणि पुन्हा त्याच पडद्यावर बोट ठेवलं.

मग ती स्टुलावर बसली. पडदा अजून काळाच होता. तिने तो थोडा डावीकडे वळवला, थोडा वर उचलला, पुन्हा जरा खाली आणला. मागे उभ्या असलेल्या मास्तरांचा चेहरा त्यात नीट दिसायला लागला, तेव्हा कुठे तिचं समाधान झालं.

मास्तर चरकले.

ते गाडी चालवायला शिकवायचे. किल्लीला हात लावायच्या आधी आरसा कसा लावायचा, हे सांगण्यात त्यांची हयात गेली होती. बायकोने आत्ता जे केलं ते अगदी तेच होतं. मागून कोण येतंय ते कळावं, म्हणून माणूस आरसा लावतो. आणि घरात हिच्या मागून येणार कोण? मास्तरच.

गेले काही महिने त्यांच्या मनात पाल चुकचुकत होती. बायको एका कंपनीच्या तक्रार विभागात घरूनच काम करायची. आधी फोनवर बोलायची. हसतखेळत, मधाळ बोलून भांडकुदळ गिऱ्हाईकं गार करायची. मग एकदम तिने ते काम सोडलं आणि नुसती लेखी उत्तरं द्यायचं काम मागून घेतलं. घरातही तेच. फोन वाजत राहायचा, उचलायची नाही, नंतर खोलीत जाऊन टाइप करत बसायची. मास्तर मागून आले की दचकायची आणि लॅपटॉप खाडकन मिटायची. बोलताना मात्र त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघायची. याला काही कळलंय का, हेच बघत असणार. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

सगळ्यात जास्त लागायचं ते वेगळंच. लग्न झाल्यापासून मास्तर दारातूनच हाक मारायचे, "अगं, ऐकलंस का?" आणि आतून "ऐकतेय!" असं उत्तर यायचं. आता उत्तर येत नव्हतं. पुढ्यात जाऊन उभं राहावं तेव्हा ती मान वर करायची. सुरुवातीला मास्तरांनी कानाडोळा केला. मग झोप उडाली. सरळ विचारायची मात्र छाती होत नव्हती. विचारलं आणि तिने खरं सांगून टाकलं तर? ती सोडून गेली तर या घरात राहायचं कसं?

"चकचकीतच का हवा?" त्यांनी तिच्यासमोर येऊन विचारलं.

"मागून कुणी आलं तर दिसतं."

"मागून मीच येतो ना?"

"म्हणूनच," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

मास्तरांनी मॅट घेतला. डोळ्यांची काळजी हवी, असं दुकानदाराला सांगितलं. जिंकलो, असं मास्तरांना वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

नव्या लॅपटॉपला चार दिवस होतात न होतात तोच मास्तर दुपारची शिकवणी सोडून घरी आले. आपल्याच घरात चोरासारखं शिरायची वेळ आली, म्हणून स्वतःचीच लाज वाटली. तरी हळूच कुलूप काढलं, बूट हातात घेतले. स्वयंपाकघरात गॅसवर किटली शिट्टी मारमारून कोकलत होती. एवढं भान हरपावं माणसाचं? त्यांनी गॅस बंद केला नाही. शिट्टीत पावलं बुडाली तर बरंच.

खोलीचं दार उघडं होतं. बायको पाठमोरी बसली होती. पडद्यावर चष्मा लावलेला एक देखणा गृहस्थ होता. तो काहीतरी सावकाश बोलत होता, आणि ती पुढे झुकून, त्याच्या ओठांवरची नजर न काढता, स्वतःचेही ओठ तसेच हलवत होती. तिचा चेहरा दिसत नव्हता, पण खांदे असे सैल, सुखात पडलेले मास्तरांनी कित्येक दिवसांत पाहिले नव्हते.

तर हा तो!

भांडण, शिव्या, जाब, यातलं काहीच मास्तरांच्या तोंडून निघेना. निघाली ती जुनीच हाक, घर दणाणून सोडणारी.

"अगं, ऐकलंस का?"

ती हललीसुद्धा नाही. पडद्यावरचा गृहस्थ मात्र थबकला. तिच्या खांद्यावरून त्याने मास्तरांकडे पाहिलं, मग बोट वर करून, तोंड मोठं उघडत, एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "तुमच्या. मागे. कुणीतरी. उभं आहे."

ती आणखी पुढे झुकली.

"'मागे' ओळखलं, सर," ती हसत, गरजेपेक्षा जरा मोठ्यानेच म्हणाली. "पुढचं पुन्हा सांगा ना. ओठ नीट वाचता नाही आले."