गालावरचा तीळ

एकाच फळीवरचे एकच चित्र धाकट्याला हुबेहूब वाटले आणि वहिनीला परक्या माणसाचे. ज्याचे ते चित्र होते त्या थोरल्याला, तो जाईपर्यंत, दोघांनीही सव्वीस वर्षे रोज पाहिले होते.

चित्र बाईंनी केले होते. प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्यापासून त्या तापलेल्या लेखणीने लाकडावर चटके देऊन चित्रे काढत. फोटोची प्रिंट फळीवर पालथी घालायची, वरून गरम इस्त्री फिरवायची, की शाई लाकडावर उतरते. मग त्या रेषांवरून लेखणी न्यायची.

"हे आमचे नव्हेत," वहिनी म्हणाल्या. "कुणाला तरी धरून आणलंय आणि ह्यांचा शर्ट घातलाय."

"काहीतरीच काय, वहिनी! हा दादाच. आत्ता म्हणेल, कात्री सरळ धर, गाढवा." धाकटा बाईंकडे वळला. "खरं सांगू का, बाई? फोटोतला दादाच मला परका वाटतो. तीन महिने झाले त्याला जाऊन. सख्ख्या भावाचा चेहरा विसरत चाललोय की काय, असं वाटायला लागलंय."

बाईंनी सांत्वन केले नाही; चष्मा लावला. मूळ फोटो फळीशेजारी ठेवला. फोटोत तीळ डाव्या गालावर होता, फळीवर उजव्या.

"चूक माझी. पालथी घातलेली प्रिंट उलटी उतरते. म्हणून ती आधीच कॉम्प्युटरवर फिरवून घ्यायची असते. ते राहिलं. फळी तासून पुन्हा करून देते."

"तासू नका!" धाकट्याने फळी उचलून छातीशी धरली.

"मग काय भलत्याच माणसाला दुकानात टांगणार?" वहिनींनी दुसरे टोक पकडले.

बाई आत जाऊन हातआरसा घेऊन आल्या आणि तो त्यांनी फळीसमोर धरला. वहिनींनी वाकून आरशात पाहिले. त्यांची पकड सुटली.

"हे आमचे."

मग बाईंनी मूळ फोटो आरशासमोर धरला आणि धाकट्याला पुढे बोलावले.

"दादा," एवढेच तो म्हणाला.

"सलूनमध्ये तुमच्या दोघांच्या खुर्च्या कशा होत्या?"

"सव्वीस वर्षे शेजारीशेजारी. समोर लांबलचक आरसा."

"आणि एकमेकांशी बोलताना?"

"आरशात बघूनच. गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा असताना मान कोण वळवतं, बाई?"

"दुकानाबाहेर?"

"बाहेर कुठलं! सकाळी सात ते रात्री नऊ. कुलूप लावलं की तो त्याच्या घरी, मी माझ्या."

वहिनींनी फळीवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाल्या, "भाऊजी, ही दुकानात लावा. बाई, मला घरासाठी एक सरळ करून द्या."

"लावताना आरशाच्याच भिंतीला लावा," बाईंनी धाकट्याला बजावले. "पाठीमागच्या भिंतीला लावलीत, तर आरशात तुम्हाला वहिनींचे दिसतील."

दोघे हसत गेले. बाईंनी कामाची वही उघडली. प्रत्येक कामाची नोंद तीत असे.

'दोष : चित्र उलटे उतरले. कारण : प्रिंट फिरवायची राहिली. दुरुस्ती : केली नाही. कारण : धाकट्याने थोरल्याला सव्वीस वर्षे आरशातच पाहिले होते.'