कमरेला सवत

शेरीफच्या कचेरीतून छुपं पिस्तूल बाळगायचा परवाना मिळाला आणि त्या दिवसापासून माझा नवरा वेन्डेल मला मिठी मारेनासा झाला.

"लांब हो, ओपल. भरलेलं आहे."

स्वयंपाकघरात भरलेलं. गाडीत भरलेलं. टीव्हीसमोरसुद्धा भरलेलं.

दर शनिवारी तो ते मऊ फडक्याने पुसायचा, तेल द्यायचा, उजेडात धरून न्याहाळत बसायचा. माझ्याकडे त्याने असं शेवटचं कधी पाहिलं होतं, मला आठवत नाही.

"त्याच्याशीच लग्न करायचं होतंस मग," मी म्हणाले.

"ते टोमणे तरी मारत नाही."

लोखंडाच्या तुकड्यावर जळणारी आमच्या गावातली मी पहिलीच बाई असेन.

रविवारी चर्चच्या जेवणात मी दोघांची ताटं वाढून घेऊन परतले. वेन्डेल माझ्याकडे पाठ करून उभा होता. त्याच्या शेजारी गायनवृंदातली कोरीन होती. ती त्याला हळूच म्हणत होती,



"पिस्तूल डावीकडे घेतलंस ते बरं केलंस. उजवीकडे होतं तेव्हा मला टोचायचं."