तीन मिनिटांच्या पुढे

घड्याळजीची बायको साक्ष द्यायला उभी राहिली आणि अख्ख्या चर्चच्या माना वळल्या. या चर्चमधल्या एकोणीस वर्षांत ही बाई 'आमेन'च्या पलीकडे कधी बोलली नव्हती. पण मंगळवारपासून तिच्या पोटात एक गोष्ट नुसती उड्या मारत होती आणि आज ती काही केल्या आवरेना.

पुढच्या बाकावर नवरा बसला होता, समोर पितळी घंटी ठेवून. साक्षीला मिनिटं तीन. चौथं लागलं की घंटी वाजलीच. कुणाचा ताप उतरलेला असो की कुणाला नोकरी लागलेली असो, देवाचे आभारसुद्धा त्याच्याकडे वेळेत आटपावे लागत. मंडळी पाठीमागे त्याला 'काटा' म्हणत. हे त्याला ठाऊक होतं आणि त्यात त्याला काही वावगं वाटत नव्हतं.

सहा वर्षांपूर्वी याच जागी त्यांची लेक उभी राहिली होती. ठरलेलं लग्न मोडलं होतं. घरी बोलता येईना ते ती इथे रडत रडत सांगत होती. तीन मिनिटं झाली आणि बापाने घंटी वाजवली. पोरीने वाक्य अर्धं सोडलं, पर्स उचलली आणि चालती झाली. दुसऱ्या गावी नोकरी धरली. तेव्हापासून तिचा फोन यायचा तो बाप दुकानात असताना. "नियम म्हणजे नियम," एवढंच तो म्हणाला होता. पुढे घरात तिचा विषयसुद्धा काढला नाही.

"मी चमत्कार पाहिला," बायको म्हणाली. आवाज एवढा मोठा निघाला की ती स्वतःच दचकली. "मंगळवारी दुपारी. आमच्या दुकानात."

कुणीतरी खुसखुसलं. नवऱ्याने वळून पाहिलं नाही. भिंतीवरचं घड्याळ आणि खिडकी, खिडकी आणि घड्याळ, एवढंच त्याचं चाललं होतं.

"मी डबा घेऊन गेले होते," ती भराभर बोलू लागली. "काचेतून बघते तर हे आमच्या मुलीचं शाळेतलं घड्याळ उघडून बसलेले. सहा वर्षं खणात पडून होतं ते. डोळ्याला भिंग लावलेलं, आणि त्या भिंगाखालून पाणी गळतंय! मी आत गेलेच नाही. डबा तसाच घरी परत आणला. रात्री हे विचारतात, आज डबा का नाही आणलास? म्हटलं, विसरले. प्रभू मला क्षमा करो, पण खोटं बोलताना एवढी खूश मी कधीच नव्हते!"

आता सगळे मोकळेपणी हसले. तीही हसली, डोळे पुसत.

"सहा वर्षं मी एकच मागितलं. मुलीला परत आण, असंही नाही म्हटलं. यांचं मन मऊ कर, एवढंच. आणि ते होतंय हो! यांना कळलंय की नाही, मला माहीत नाही. पण मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. देवाने काम सुरू केलंय!"

तीन मिनिटं भरली. नवऱ्याचा हात घंटीकडे सरकला.

तिने ते पाहिलं. चारचौघांत आपण नवऱ्याचं रडणं मांडलं; आता हा पुन्हा दगड झाला तर? तर लेक कायमची गेली, आणि दोष आपल्याच माथी. पण तोंड काही थांबेना.

"माझं संपलेलं नाही," ती म्हणाली. "अजून आहे."

त्याने घंटी उचलली, आवाज होऊ नये म्हणून आत दोन बोटं घातली आणि ती शेजारी बसलेल्या चर्चच्या पाळकांच्या हातात दिली. मग तो उठला आणि मंडळीकडे वळला.

"हिने सांगितलं ते खरं आहे," तो म्हणाला. "पण पुढचं हिला माहीत नाही. त्याच संध्याकाळी दुकानातून मी मुलीला फोन केला. काय बोलावं सुचेना. म्हटलं, तुझं घड्याळ चालू झालंय. ती म्हणाली, बघते. येईल याची खात्री नव्हती, म्हणून घरी बोललो नाही." त्याने खिडकीकडे बोट केलं. "आलीय ती. अर्धा तास झाला, फाटकाशी उभी आहे. तिला आत येववत नाही आणि मला उठवत नव्हतं. कुणीतरी चला माझ्याबरोबर."

बाकं करकरली, माणसं उठली, मधली वाट भरून गेली. पण घड्याळजीची बायको कुणासाठी थांबलीच नव्हती. एक चप्पल बाकाखाली टाकून ती केव्हाच दाराकडे धावत सुटली होती आणि नवरा माणसांना बाजूला सारत, धडपडत, तिच्या मागून ओरडत होता,

"अगं, थांब! आधी मला बोलू दे!"