सगळ्यांत वाईट कोच

"आणि कुलूप? त्याचं नाव गाळलंत," सर आरशातून म्हणाले.

सलूनवाल्याने त्यांच्या गालावरचा फेस वस्तऱ्याने अलगद उचलला. "कुलूप काही सगळ्यांत वाईट नव्हता, सर."

आदल्या दिवशी गावचा फुटबॉल क्लब पुन्हा हरला होता. क्लब हरला की रविवारी सकाळी या सलूनमध्ये एकच विषय निघे. आजवरचा सगळ्यांत वाईट कोच कोण? बाकावर बँकेतला कारकून पेपर घेऊन बसला होता. तो नुकताच बदलून या गावात आला होता आणि चार ओळखी व्हाव्यात म्हणून क्लबच्या सामन्यांना जाऊ लागला होता. जुने कोच त्याला माहीत नव्हते. सलूनवाला त्याला एकेकाची ओळख करून देत होता, गावाने ठेवलेल्या टोपणनावांनी.

एक होता 'उद्यापासून'. हरलं की तो सांगे, उद्यापासून आपण वेगळं खेळणार. तो उद्या काही उजाडला नाही. मग आला 'पाहुणा'. त्याने बॅगसुद्धा नीट उघडली नाही. लोक म्हणत, त्याच्या स्वागताचा हार सुकायच्या आत निरोपाचा आला.

"कुलूप कोण?" कारकुनाने विचारलं.

ते सरांनीच सांगितलं. कुलूप सगळ्या पोरांना आपल्याच गोलसमोर उभं करी. दार लावून बसलं की चोर येत नाही, असा त्याचा हिशेब. चोर खिडकीतून आले. त्याच्याच हाताखाली क्लब खालच्या गटात घसरला, तो अजून वर आला नव्हता.

"मग वाईट तोच की," कारकून म्हणाला.

"बघा. नवा माणूस आहे, पण कळतं त्याला."

सर ताठ बसले होते. अंगात इस्त्रीचा शर्ट, आवाजात जरब. गावातली मोठमोठी माणसंही त्यांना पाहून रस्त्यात थांबत, आदराने विचारपूस करत. कारकुनाला आपल्या शाळेतले गणिताचे मास्तर आठवले. असेच कडक आणि चूक झाली की ती शेवटपर्यंत न विसरणारे.

सलूनवाला कुलूपची बाजू मांडत राहिला. ऐन हंगामात पुढच्या फळीतला खेळाडू क्लब सोडून गेला, गोलरक्षक आजारी पडला, वरच्या मंडळींनी बदली माणूस दिला नाही. कुलूप करणार काय?

"नाचता येईना, अंगण वाकडं," सर म्हणाले.

मग त्यांनी शेवटचा सामना उलगडून सांगितला. कर्णधार गुडघा दुखतोय म्हणत होता, तरी कुलूपने त्यालाच उतरवलं. मध्यंतरात पोरं खोलीत माना खाली घालून बसली होती, आणि हा खिडकीपाशी उभा राहिला, एक शब्द बोलला नाही. "पोरांना धीर द्यायचा होता," सर म्हणाले. "दोन शब्द बोलला असता तर पोरं खेळली असती. त्याला शब्दच सुचले नाहीत."

काल घडल्यासारखं ते बोलत होते. कारकून पेपर बाजूला ठेवून ऐकत राहिला.

सलूनवाल्याने वस्तरा पुसून ठेवला. म्हणाला, "त्या दिवशी पुढे काय झालं ते मी सांगतो."

तेव्हा तो ऐन तारुण्यात होता आणि आवाज मोठा होता. मैदानातून सगळे थेट कुलूपच्या घरी गेले. हा सर्वांत पुढे. फाटकाला लोंबकळून सगळे ओरडत राहिले. कुलूपच्या बायकोने पडदे ओढून घेतले. शेवटी कुलूप बाहेर येऊन पायरीवर उभा राहिला. सलूनवाला त्याला ओरडून म्हणाला होता, तुझ्यापेक्षा रिकामी खुर्ची बरी होती. सगळे हसले. कुलूपने ऐकलं, मान हलवली आणि तो आत गेला. त्यानंतर तो मैदानाकडे कधी फिरकला नाही. त्याची बायको कितीतरी दिवस भाजी आणायलासुद्धा बाहेर पडली नाही.

"माफी मागायला जायचं होतं. आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिलो," सलूनवाला म्हणाला. "मग उशीर झाला."

"गेले का ते?" कारकुनाने हळूच विचारलं.

सलूनवाल्याने ब्रश नळाखाली धरला. मग तो सरांकडे वळला. "कुलूपचं राहू द्या, सर. त्या ओरडणाऱ्या पोराला तरी माफ कराल?"

सरांनी आरशात पाहत विचार केला. "त्याला कसली माफी? त्याचं काय चुकलं? तो खरं तेच बोलला."

सलूनवाल्याने टॉवेलने त्यांचा चेहरा पुसला. गरजेपेक्षा जास्त वेळ पुसत राहिला.

तेवढ्यात सरांची मुलगी त्यांना न्यायला आली. दर रविवारी येई. "आलात तुम्ही? चला," सर तिला म्हणाले. जुन्या वळणाची माणसं मुलीशीही मानाने बोलतात, याचं कारकुनाला कौतुक वाटलं.

"आजही तेच?" तिने सलूनवाल्याला विचारलं.

"तेच."

सलूनवाल्याने सरांचा हात धरला आणि त्यांना पायऱ्या उतरवून गाडीपर्यंत नेलं. मुलगी चष्मा आणि काठी घेऊन निघाली, तसं काहीतरी बोलायला हवं म्हणून कारकून म्हणाला, "सरांची स्मरणशक्ती दांडगी आहे. कुठल्या शाळेत शिकवायचे?"

"शाळेत नाही, मैदानावर," ती गाडीकडे बघत म्हणाली. "तो सगळा हंगाम पाठ आहे बाबांना. फक्त कुलूप आपणच होतो, तेवढं आठवत नाही."