गल्लोगल्ली सापडलेलं विष

सांडपाणी केंद्राच्या टाकीतले घाण खाणारे जिवाणू सकाळी एकाएकी मेले आणि पाणी काळंठिक्कर पडलं.

"कारखान्यानेच विष सोडलं असणार, दुसरं कोण!" म्हणत केंद्राच्या साहेबांनी हात झटकले.

केमिस्ट बाईंनी कारखान्याचं गटार तपासलं, पण त्यात काहीच सापडलं नाही. मग त्यांनी गल्लोगल्ली झाकणं उघडली. विष झाडून सगळ्या गटारांत होतं, तेही सारख्याच प्रमाणात. घरोघरी एकाच वेळी काय ओतलं असेल?

बाईंनी कोपऱ्यावरच्या नळाचं पाणी तपासलं आणि लगेच घरी सासूबाईंना फोन लावला.

"आई, नळाचं पाणी कोणाला देऊ नका!"



"अगं, आज जरा कडवट होतं खरं, पण छोटीने शहाण्यासारखं पिऊन टाकलं."