आबांच्या घरचा बुधादित्य योग

वडगावच्या जोशीबुवांनी आबांच्या नातवाची पत्रिका मांडली. "रवी-बुध एकत्र, म्हणजे बुधादित्य योग. बुद्धी तल्लख. मोठा साहेब होणार, आबा."

हौशीरामआबांनी येतानाच पेढे घेतले आणि आळीभर वाटले.

घरी नंदाबाईंनी पत्रिकेतली जन्मवेळ पाहिली आणि कपाळाला हात लावला. "अवो, ही येळ तर आपलं रेडकू झालं त्याची. नातू दुपारी झाला, तवा तुमी गोठ्यातच व्हता."

घाबरून आबांनी बुवांना फोन लावला.

"काळजी नको," बुवा म्हणाले. "त्या दिवशी जो जन्मला, त्या प्रत्येकाला हा योग आहे."



तेव्हापासून शेण काढताना आबा रेडकाला म्हणतात, "जरा तिकडं सरकता का, साहेब?"