आमच्यात चालत नाही

पहिलं बाळ वर्षाचं व्हायच्या आतच गेलं होतं आणि आता मृदुलाला पुन्हा दिवस गेले होते. म्हणून ट्रॉय शहरातल्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टरबाई दोन्ही घरांची वंशवेल कागदावर काढत होत्या. शेजारी सासूबाई, पद्मिनीबाई, बसल्या होत्या. मृदुलाला त्यांनीच हौसेने सून करून अमेरिकेत आणलं होतं, आणि गेलेल्या नातवाचं नाव निघालं की अजून त्यांचे डोळे भरून येत.

"नवरा-बायको एकमेकांचे कझिन वगैरे नाहीत ना?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

मृदुला काही बोलणार, इतक्यात पद्मिनीबाईच आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, "छे हो. कझिन म्हणजे चुलतभाऊ, म्हणजे भाऊच की. भावाशी लग्न आमच्यात चालत नाही. मागच्या खेपेलाही मी हेच सांगितलं होतं."

डॉक्टरबाईंनी मान डोलावली आणि कागद मिटला.



मृदुला पोटावरचा हात न काढता हळूच मराठीत म्हणाली, "आत्या, या वेळी तरी सांगू दे मला. तुझ्या सख्ख्या भावाची मुलगी आहे मी."